२४ इंची मॉनिटर, आठ महिन्यांनंतर: अपडेट झालं आणि अनुस्वार दिसेना

एप्रिलमध्ये घेतलेला २४ इंची आयपीएस (पॅनेलचा प्रकार) मॉनिटर, फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांचा. माझं काम लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, हँडबिलं. सांगलीत विश्रामबागला घरातच टेबल, एक रिफर्बिश्ड सीपीयू, पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी. दिवसातले नऊ-दहा तास नजर अक्षरांवर असते, त्यामुळे रंग किती कोटी आणि गेमिंगला कसा याच्याशी मला घेणंदेणं नाही, मला अनुस्वार दिसला पाहिजे. रफार दिसला पाहिजे, वेलांटी पहिली का दुसरी ते झूम न करता कळलं पाहिजे. पहिले सहा महिने या बाबतीत एक नंबर होता, जुन्या १९ इंचीवर डोळे चुरचुरायचे ते बंद झालं.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून दिवाळीची कामं उरकल्यावर ११ वर गेलो. रिस्टार्ट झाल्यावर बघतो तर सगळं मोठ्ठं, अक्षरं पुसट, आणि पत्रिकेवरचा गणपती आडवा पसरलेला. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे किती ठिपके ते, १०२४ बाय ७६८, आणि लिस्टमध्ये त्याच्या वर काहीच नाही. १९२० बाय १०८० गायबच. आता हिशोब बघा, पडद्यावर ठिपके २० लाख ७३ हजार, आणि चित्र येतंय पावणेआठ लाख ठिपक्यांचं, म्हणजे तेच ओढूनताणून पसरवायचं, त्यात १०२४ बाय ७६८ हा ४:३ चा आकार आणि पडदा १६:९ चा, त्यामुळे प्रत्येक गोष्ट एक तृतीयांश जास्त रुंद. अनुस्वार म्हणजे तीन-चार ठिपक्यांचा जीव, तो पसरला की शिरोरेघेच्या वर नुसता राखाडी डाग राहतो.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, त्यामुळे तशातच काम रेटलं आणि तिथंच फटका बसला. तासगावच्या पार्टीच्या पत्रिकेत चि. सौ. कां. च्या जागी चि. सौ. का. गेलं. व्हॉट्सॅपवर पाठवलेल्या प्रूफमध्ये त्यांनाही दिसलं नाही, ४०० पत्रिका छापून गेल्यावर घरातल्या आजोबांनी बोट ठेवलं. माझ्या मुलीच्या नावामागं असं आलं असतं तर मलाही चाललं नसतं, त्यामुळे वाद न घालता सगळ्या परत छापून दिल्या, खर्च माझा.

मग कंपनीच्या सर्व्हिसला फोन. वॉरंटी तीन वर्षांची आहे, पण "व्हिजिट चार्ज ५०० अधिक जीएसटी, दोष निघाला नाही तर." सहाव्या दिवशी कोल्हापूरहून माणूस आला, उभ्याउभ्याच म्हणाला, "पॅनेल गेलंय वो, सेंटरला आणून द्या, पंधरा दिवस लागतील." हे बोलत असतानाच त्याने मॉनिटरच्या मागचं बटण दाबलं आणि मॉनिटरचा स्वतःचा मेनू पडद्यावर आला. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, एकेक अक्षर कोरल्यासारखं स्वच्छ! आणि त्याच्या मागं माझी पत्रिका धुरकट. मी म्हटलं, अहो, पॅनेल गेलं असतं तर हा मेनू पण पुसट दिसायला नको का? तो मेनू मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटरकडून येत नाही. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग म्हणाला दोष मॉनिटरचा नाही, म्हणजे चार्ज लागणार, आणि ५९० रुपये घेऊन गेला. दोन मिनिटांपूर्वी पॅनेल गेलं म्हणणारा हाच माणूस!

इथपर्यंतचं रागात लिहून ठेवलेलं, आणि तेव्हा मॉनिटरला दोन स्टार देणार होतो, घेऊ नका असंच लिहिलेलं. ते खोडतोय. पुढचं दहा दिवसांनी लिहितोय.

त्या दहा दिवसांत जे जे करता येईल ते केलं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर, नव्यानं सुरू होतो, स्क्रीन एकदा मिचकते, ते केलं. ड्रायव्हर काढून परत घातला. जुन्या ड्रायव्हरवर नेणारं रोल बॅकचं बटण दाबताच येत नव्हतं. जुन्या विंडोजवर परत जायला दहाच दिवस मिळतात, ते केव्हाच उलटलेले.

शेवटी मिरजेचा भाचा आला. त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडला, मॉनिटरच्या खाली लिहिलेलं 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर'. "मामा, कॉम्प्युटरला कळतच नाहीये तुम्ही कुठला मॉनिटर लावलाय ते." प्रत्येक मॉनिटरमध्ये एक छोटी चिप असते, त्यात १२८ बाइटची माहिती, नाव काय, साइझ काय, कुठलं रिझोल्यूशन चालतं, याला ईडीआयडी म्हणतात. माझा मॉनिटर व्हीजीए केबलनं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग केबलनं जोडलेला, तिच्यात ही माहिती १२ आणि १५ नंबरच्या पिनमधून जाते. मोबाईलचा टॉर्च लावून केबलचं तोंड बघितलं. तीन ओळी, पाच-पाच पिनांच्या, मधल्या ओळीतली ९ नंबरची नसली तरी चालतं, बऱ्याच केबलला नसते, पण खालच्या ओळीत दुसरी आणि शेवटची, दोन्ही जागा रिकाम्या! जुन्या १९ इंचीबरोबरची ही केबल, चालतीय तर कशाला नवीन घ्या म्हणून मीच लावलेली. आणि सहा महिने कसं चाललं, तर सीपीयू बसवणाऱ्यानं ड्रायव्हरमध्ये १९२० बाय १०८० हातानं घालून ठेवलेलं, अपडेटमध्ये ड्रायव्हर नवीन आला आणि ते उडालं.

सीपीयूला डिस्प्लेपोर्ट आहे, मॉनिटरला एचडीएमआय, दोन्हींना जोडणारी केबल ३८० रुपयांना मिळाली. लावल्याबरोबर मॉनिटरचं नाव आलं, १९२० बाय १०८० आलं, समोर 'रेकमेंडेड'. पिक्चर व्हीजीएपेक्षाही स्वच्छ, कारण सिग्नल आता डिजिटल, ठिपक्याला ठिपका. हे आठ महिने आधी का नाही केलं याची मनापासून हळहळ वाटली.

पण पेजमेकर अजून धुरकट! बाकी सगळं स्वच्छ आणि नेमकं तेच. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, त्याला आताचं स्केलिंग, म्हणजे विंडोजनं सगळं ठराविक टक्क्यांनी मोठं दाखवणं, कळत नाही, आणि स्केल १२५ टक्क्यांवर होतं, म्हणजे विंडोज त्याचं चित्र काढून फुगवून दाखवतं. पानं मांडायचं (डीटीपीचं) जुनं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हे नक्की बघा: स्केल १०० करा, किंवा आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, त्यात हाय डीपीआयचं सेटिंग, तिथं ओव्हरराइडला टिक करून खाली 'ॲप्लिकेशन' निवडा. मी १०० केलं. मग सर्चमध्ये क्लियरटाइप टाकून त्याचे नमुने एकेक निवडले, अक्षराच्या कडा अजून सुधारल्या.

तक्रार एकच उरली, स्टँड वर-खाली होत नाही, खाली कागदाची दोन रिमं ठेवलीत. बटणं मागं आहेत, सवय झाली.

आज सकाळी १०० टक्क्यांवर पत्रिका उघडली, झूम न करता, चष्मा न बदलता: कां वरचा अनुस्वार काळा, गोल, शिरोरेघेपासून सुटा. मॉनिटरला साडेचार स्टार. सर्व्हिसला शून्य, ५९० रुपये लेखी परत मागितलेत, पावती जपून ठेवलीय.