हाताने शिवलेलं दुपटं: अकरा महिने वापरल्यानंतर

अकरा महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. खरं तर जुलैमध्येच लिहिणार होतो, पण तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं भांडणच लिहिलं गेलं असतं.

दुपटं म्हणजे काय हे सांगत बसत नाही. आमचं माप तीन बाय चार फूट, कापड आमचं, शिलाई बाराशे रुपये. बाराशे ऐकून मी आधी सरळ नाही म्हणालो होतो. ऑनलाइन आठशे-नऊशेत मऊ बेबी ब्लँकेट येतं, मशीनला टाकलं की झटकन वाळतं, आणि इथे कापड आपलं देऊन वर बाराशे? पण आईने बार्शीहून आजीचं हिरवं इरकली लुगडं पाठवलं होतं, ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या वासात कितीतरी वर्षं पडून होतं, आणि ते पोरीच्या अंगाखाली यावं असं बायकोच्या मनात फार होतं. मग शिवणाऱ्या मावशी शोधल्या, आमच्या सोसायटीपासून दोन बसस्टॉपवर राहतात.

मावशींनी टेप वगैरे काढलाच नाही. लुगडं नऊ वार, वार म्हणजे तीन फूट, आणि पन्हा साधारण चार फुटांचा, म्हणजे एका वाराला दुपट्याचा एक थर निघतो. नऊवारीचे नऊ थर! हा हिशोब मला इतका आवडला की घरी येऊन मी बायकोला कागदावर काढून दाखवला. पण नऊ थरांतून सुई जात नाही, गेली तरी दुपटं जाड होतं, म्हणून त्यांनी पाच थर घेतले आणि उरलेलं चार वार कापड घडी करून परत दिलं. कापड परत देणारं माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

पहिले सात-आठ महिने तक्रार शून्य. दोघांच्याही नोकऱ्या, पोरगी पाळणाघरात, रात्री ती झोपली की आमचा दिवस सुरू होतो, त्यामुळे ती पटकन झोपणं हाच आमच्यासाठी सगळ्यात मोठा फीचर. ती झोपताना दुपट्याची कड धरते आणि अंगठा टाक्यांवरून मागे-पुढे घासत राहते. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, ओळीत ओळ, कडेपासून आत आत चौकोन होत गेलेले, मध्ये कापड किंचित फुगलेलं. त्या फुगवट्यावर अंगठा गेला की डोळे मिटायला लागतात. ऑनलाइनवालं ब्लँकेट पण घेतलं होतं (हो, ते पण घेतलंच), त्यावर ती असं काहीच करत नाही, गुळगुळीत आहे ते, बोटाला काही लागतच नाही.

मग जुलै आला. सततचा पाऊस, पोरीला जुलाब, दुपटं रोज धुवावं लागायचं आणि वाळायला दोन दोन दिवस. वरून कोरडं लागतं, आत हात दाबला की गार. कुबट वास यायला लागला तेव्हा मी वैतागून मशीनला टाकलं आणि फुल स्पिन लावला. बाहेर काढलं तर एका बाजूच्या सहा-सात ओळी उसवलेल्या, दोरा लोंबतोय, आतले थर गोळा झालेले. बाराशे रुपये आणि आठ महिन्यांत ही गत! दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशीर करून तसाच मावशींकडे गेलो, आणि आवाज चढवूनच बोललो, की एवढे पैसे घेता तर दोरा तरी चांगला वापरा, पॉलिस्टरचा घाला, तुटणार नाही.

त्यांनी दुपटं उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, कापड कुठं फाटलंय का ते आधी बघा." कुठेच फाटलं नव्हतं. मग म्हणाल्या, "जुनं लुगडं हाय हे, जीर्ण झालंय. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा कडक, ताण आला की त्यो तुटत न्हाई, कापडाला कापतो. सुती तुटला तर पुन्हा घालता येतो. लुगडं फाटलं तर कुठनं आणणार?"

मी गप्प झालो. तोवर तुटलेला दोरा हा दोषच वाटत होता. आजीचं लुगडं शाबूत राहिलं ते दोरा तुटला म्हणूनच, हे कळल्यावर माझं मतच फिरलं. दुरुस्तीचे पैसे विचारले तर म्हणाल्या, बसा, तुम्हीच घाला, दाखवते. अर्धा तास दाखवलं. सुई पूर्ण आरपार काढायची नाही, टोक खाली-वर हलवत सुईवर चार-पाच टाके भरून घ्यायचे आणि मग एकदम ओढायची. गाठ थरांच्या आत लपवायची, नाहीतर बाळाला टोचते.

ती बाजू मी घरी चार रात्रींत पूर्ण केली. साडेअकरा ते बारा, पंखा, पोरीचा श्वास आणि दोरा कापडातून जातानाचा तो बारीक सर्र आवाज. वर्षभरात अर्धा तास असा मिळालाच नव्हता, फोन दुसऱ्या खोलीत राहिला आणि आठवणसुद्धा झाली नाही. कामाचा दिवस कितीही वाईट गेलेला असो, एक-दोन ओळी झाल्या की काहीतरी दिसेल असं हातात असतं, आणि बाळ उठलं तर सुई टोचून ठेवून उठता येतं, परत येऊन तिथूनच पुढे.

ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी: मशीन नाही म्हणजे नाही. बादलीत धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, दोऱ्यांवर पसरून वाळत घाला, मध्ये उलटा. पावसाळ्यात हा त्रास आहेच, तो मी लपवत नाही, आणि एकच दुपटं असेल तर हाल होतात. दोन पाहिजेत.

म्हणून उरलेल्या चार वारांचं दुसरं मी स्वतः शिवतोय, चार थर, अर्ध्याच्या वर झालंय. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांच्या कवंदीच्या (म्हणजे गोधडीच्या) चारही कोपऱ्यांना कापडाची घडी घालून त्रिकोणी फुलं लावतात, त्याचे फोटो बघितल्यापासून तेही करायचं ठरवलंय. त्यासाठी पदराचा लाल तुकडा बाजूला काढून ठेवलाय, त्याला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येतो.