जुना ट्रेड कोणत्या मापाने तोलायचा: निकाल, त्या दिवसाची माहिती की पुढची साखळी?

पहाटेचा एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) सामना संपवून जळगाव-भुसावळच्या कोर्टावर उतरणाऱ्या मंडळींत एक वाद हमखास रंगतो: अमुक संघाने ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीत, तो खेळाडू दिला, ते बरोबर केलं की चूक? वाद मिटत नाही, कारण प्रत्येकाच्या हातात वेगळं माप असतं. एक जण विजेतेपदं मोजतो. दुसरा म्हणतो, त्या वेळी हे कुणाला ठाऊक होतं? तिसरा त्या ट्रेडमधून आलेल्या पिकचं (दर वर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याच्या पाळीचं; कमकुवत संघांची पाळी आधी येते) काय झालं, त्या पिकमधून कोण आला, असं करत दहा वर्षं पुढे निघून जातो. तुम्हाला आवडत्या संघाच्या जुन्या ट्रेडना गुण द्यायचे असतील किंवा आपल्याच हौशी लीगमधल्या अदलाबदलीचा हिशेब ठेवायचा असेल, तर आधी माप ठरवा. इथे तिन्ही मापं खऱ्या ट्रेडवर लावून पाहिली आहेत.

शेवटी काय झालं?

निकालाचं माप सगळ्यात सोपं. आलेल्यांनी इकडे किती केलं, गेलेल्यांनी तिकडे किती केलं, एवढंच बघायचं. १९९६ मध्ये शार्लट हॉर्नेट्सने तेराव्या क्रमांकावर निवडलेला कोबी ब्रायंट लेकर्सला दिला आणि व्लादे दिवाच घेतला. दिवाच तिथे दोन मोसम खेळला. कोबी लेकर्सकडे वीस मोसम खेळला आणि पाच विजेतेपदं जिंकला. संपला विषय.

पण खरंच संपला का? ट्रेड ठरला तेव्हा कोबी सतरा वर्षांचा, शाळेतून थेट आलेला पोरगा होता. आणि दिवाचचा पगार खात्यातून उतरला, म्हणून लेकर्सना सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत) शकील ओनीलसाठी जागा करता आली. म्हणजे कोबी साफ फसला असता तरी लेकर्सच्या बाजूने हा ट्रेड वाया गेला नसता. निकालाच्या मापात ही गोष्ट दिसतच नाही. तिथे सगळं श्रेय कोबीच्या पाच विजेतेपदांना जातं.

खानदेशात हा दोष समजावून सांगायची गरज नाही. दिवाळीत कापूस विकला आणि फेब्रुवारीत भाव चढला, की तो शेतकरी गावभर चुकलेला ठरतो. त्याला सोसायटीचं देणं होतं, घरात कापूस भरून ठेवायला कोरडी जागा नव्हती, हे कुणी विचारत नाही.

त्या दिवशी टेबलावर काय होतं?

दुसऱ्या मापात ट्रेडच्या तारखेनंतरचं सगळं झाकून ठेवायचं. वयं, करार किती वर्षांचे उरलेत, पगार, दुखापतींचा इतिहास, पिक कोणत्या वर्षांचे आणि त्यांवर संरक्षण (ठरावीक क्रमांकाच्या आत पडला तर पिक देणाऱ्याकडेच राहील अशी अट) आहे का, आणि संघापुढे दुसरा पर्याय काय होता, एवढंच बघायचं.

ब्रुकलिन नेट्सचा २०१३ चा ट्रेड या मापावर बारकाईने घालण्यासारखा आहे. बॉस्टन सेल्टिक्सकडून त्यांनी केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी घेतले. बदल्यात पाच खेळाडू, २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक, आणि २०१७ मध्ये पिक बदलून घेण्याचा हक्क दिला. वर्षं एकाआड एक का? एनबीएच्या स्टेपियन नियमानुसार संघाला पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीच्या पिकविना राहता येत नाही. म्हणून मधल्या वर्षी पिक न देता अदलाबदलीचा हक्क देतात. नियम पाळलाही जातो आणि वाडगं रिकामंही होतं.

नेट्सचे समर्थक म्हणतात, पुढे संघ कोसळेल हे कुणाला दिसत होतं? आदल्या मोसमात ४९ सामने जिंकलेला संघ होता, पिक विशीतला पडेल असंच कुणालाही वाटलं असतं. २०१४ च्या पिकपुरतं हे खरंच आहे. तो सतराव्या क्रमांकावर पडला आणि त्यातून आलेला जेम्स यंग टिकला नाही. पण गार्नेट त्या वेळी ३७ वर्षांचा होता आणि पिअर्स ३५. २०१६ चा पिक देताना गार्नेट तेव्हा चाळीशीत असेल, हे साध्या बेरजेने कळत होतं. तरीही पिकवर एकही संरक्षण घातलं नाही. 'पहिल्या तीनात आला तर आमचा' एवढं एक वाक्य करारात असतं, तर चित्र बदललं असतं. म्हणून आमच्या मते हा ट्रेड निकालाच्या मापावरच नव्हे, त्या दिवसाच्या मापावरही नापास आहे. फक्त गुण शून्य नाहीत. २०१४ मध्ये नेट्सने टोरंटोला सात सामन्यांत हरवून एक फेरी जिंकली, आणि ब्रुकलिनच्या नव्या घरात नाव असलेले खेळाडू हवे होते, ही मालकाची गरजही खरी होती.

या मापात एक चोरवाट आहे. 'तेव्हा ठाऊक नव्हतं' आणि 'तेव्हा बघितलं नाही' यांत फरक असतो. फेब्रुवारी २००८ मध्ये मेम्फिस ग्रिझलीजने पाऊ गासोल लेकर्सना दिला आणि क्वामे ब्राउनचा संपत आलेला करार, एक तरुण आणि एक जुना गार्ड, पहिल्या फेरीचे दोन पिक आणि पाऊचा धाकटा भाऊ मार्क गासोल याचे हक्क घेतले. सगळ्या लीगने लूट म्हणून नाव ठेवलं. लेकर्स लागोपाठ तीन वेळा अंतिम फेरीत गेले, २००९ आणि २०१० जिंकले. दोन्ही पिक अठ्ठाविसावे पडले. पण मार्क, २००७ च्या ड्राफ्टमध्ये ४८ वा निवडलेला, २०१३ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि त्याच वर्षी मेम्फिस पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोचलं. टीकाकार म्हणाले, नशीब. पण ट्रेड झाला त्याच मोसमात मार्क स्पेनमध्ये गाजत होता आणि तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माहिती होती; बघणारे थोडे होते. मेम्फिसला त्या दिवशी निदान पास तरी करायला हवं होतं.

साखळी कुठे तोडायची?

तिसरं माप आकर्षक, आणि सगळ्यात जास्त फसवणारं. नेट्सच्या पिकमधून सेल्टिक्सला २०१६ मध्ये जेलन ब्राउन तिसऱ्या क्रमांकावर मिळाला. २०१७ मध्ये नेट्स २०-६२ (२० विजय, ६२ पराभव) असे तळाला गेले, हक्क वापरून सेल्टिक्सकडे पहिला पिक आला. तो त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसरा पिक आणि भविष्यातला एक पिक घेतला, आणि तिसऱ्यावर जेसन टेटम निवडला. २०१८ चा पिक कायरी अर्व्हिंगच्या ट्रेडमध्ये क्लीव्हलँडला गेला. कायरी २०१९ मध्ये सेल्टिक्स सोडून गेला, तो नेमका नेट्सकडेच! २०२४ चं विजेतेपद ब्राउन आणि टेटमच्या जोरावर आलं.

मग २०२४ चा चषक २०१३ च्या ट्रेडच्या खात्यात? इथे हात आखडता घ्या. पिक मिळवणं हा एक निर्णय. पहिल्यावरून तिसऱ्यावर उतरून टेटम घेणं हा दुसरा, पूर्ण वेगळा निर्णय. फिलाडेल्फियाने त्याच पहिल्या पिकवर मार्केल फुल्ट्झ घेतला. शिवाय पहिला पिक कुणाला जाणार हे लॉटरीने ठरतं, आणि त्या वेळी तळाच्या संघाला तो मिळण्याची शक्यता २५ टक्केच होती. आमची पद्धत अशी: मूळ ट्रेडला पिक ज्या जागी पडला त्या जागेच्या सरासरी खेळाडूएवढं श्रेय द्या. त्या जागी नेमका कोण निवडला, त्याचं श्रेय ड्राफ्टच्या खात्यात लिहा. दुसऱ्या कडीनंतर साखळी तोडा, नाहीतर प्रत्येक ट्रेडचा शेवट कुठल्या तरी चषकाशी जोडता येतो.

डॅलसचं उदाहरण याहून बोलकं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी २५ वर्षांचा लुका डॉन्चिच लेकर्सना दिला आणि अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी व २०२९ चा पहिल्या फेरीचा एकच पिक घेतला. मग संघ घसरला, आणि केवळ १.८ टक्के शक्यता असताना लॉटरीत पहिला पिक लागून कूपर फ्लॅग आला. काय भो, आता हा ट्रेड चांगला म्हणायचा? नाही. लॉटरी ट्रेडने लावली नव्हती.

घड्याळ कधी थांबवायचं?

कुठलंही माप घ्या, मुदत आधी ठरवली नाही तर निकाल हवा तसा वळतो. २०१९ मध्ये क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटीला शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि अदलाबदलीचे दोन हक्क दिले. २०२१ मध्ये घड्याळ थांबवा: क्लिपर्स इतिहासात पहिल्यांदा विभागाच्या अंतिम फेरीत, ओक्लाहोमा २२-५०. २०२५ मध्ये थांबवा: शे एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू), ओक्लाहोमा विजेता, त्याच ट्रेडमधल्या २०२२ च्या पिकचा जेलन विल्यम्स संघात, आणि जॉर्ज वर्षभरापूर्वीच काही मोबदला न देता फिलाडेल्फियाला गेलेला. शिवाय जॉर्ज आला म्हणूनच कावाय लेनर्ड क्लिपर्सकडे आला, त्यामुळे ती किंमत दोघांमध्ये वाटूनच धरावी लागते.

टोरंटोने २०१८ मध्ये त्याच कावायसाठी डीमार डीरोझन दिला. कावायच्या करारात एकच पक्का मोसम उरला होता, आणि तो त्या मोसमानंतर गेलाही. पण २०१९ चा चषक आला. म्हणून मुदत अशी धरा: खेळाडूसाठी, ट्रेडच्या दिवशी त्याचा जेवढा करार उरला होता तेवढीच वर्षं. नंतर त्याने पुन्हा सही केली तर ते श्रेय नव्या कराराचं. पिकसाठी, निवडलेल्या खेळाडूचा पहिला चार वर्षांचा करार.

आकड्यांत आणखी एक खड्डा आहे. बरेच जण दोन्हीकडच्या खेळाडूंच्या विन शेअर्सची (संघाच्या विजयांत खेळाडूचा वाटा किती, त्या आकड्याची) बेरीज करून तुलना करतात. पाच मध्यम खेळाडूंची बेरीज एका ताऱ्याला सहज मागे टाकते. पण कोर्टावर पाचच जण उभे राहतात, आणि त्या पाच मध्यम खेळाडूंनी दुसऱ्यांची मिनिटं खाल्लेली असतात. बेरजेऐवजी ताऱ्याच्या जागी जो खेळला असता, त्याच्याशी फरक काढा.

मग कोणतं घ्यायचं?

व्यवस्थापक ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न असेल तर त्या दिवसाचं माप, दुसरं काही नाही. संघाच्या इतिहासातले ट्रेड क्रमाने लावायचे असतील तर निकालाचं, पण वर सांगितलेल्या मुदतीसह. नव्याने उभा राहणारा, पिक जमवणारा संघ तपासायचा असेल तर साखळीचं, दोन कड्यांपर्यंत. तिन्हींची सरासरी काढू नका. निकालातलं नशीब त्या सरासरीत पुन्हा घुसतं आणि मग काय मोजलं हेच कळत नाही.

हौशी लीगमध्ये निकालाचं माप जवळपास निरुपयोगी आहे. एनबीएत ८२ सामने असतात. आपल्याकडे मोसमाला आठ-दहा, तेही ४० मिनिटांचे. एका खेळाडूच्या दोन वाईट सामन्यांनी सगळं चित्र उलटतं. त्यामुळे नोंद अदलाबदलीच्या दिवशीच करा आणि दोन्ही कर्णधारांची सही घ्या. नंतर आठवून लिहिलं की जो जिंकला त्याला सगळं आधीच दिसत होतं, असंच होतं.

नोंदीत वय-उंचीपेक्षा हजेरी आधी लिहा, कारण इथे करार नसतात. शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा जूनमध्ये पुण्याला जाणार आहे का? रेल्वेत असेल तर शिफ्ट कोणती? नंदुरबारहून येणारा अमळनेरमार्गे गाडीने येतो, तर सकाळच्या सामन्याला वेळेत पोचेल का? घोटा, गुडघा यांची दुखापत गेल्या सहा महिन्यांत झाली असेल तर तीही. मग प्रत्येकासमोर अंदाज लिहा: आठपैकी किती सामने खेळेल. मोसमानंतर गुण देताना हा अंदाज खऱ्या हजेरीशी ताडून बघा. अंदाज आणि हजेरी जुळली, तरी संघ हरला असेल, तर अदलाबदलीला दोष देऊ नका; हार दुसऱ्या कारणाने झाली. अंदाजच चुकला असेल, तर चूक कर्णधाराने न विचारल्याची की खेळाडूने न सांगितल्याची, हे वेगळं लिहा. आणि दुखापत लपवून अदलाबदल झाली असेल, तर ती सात दिवसांत रद्द करता येईल असा नियम मोसम सुरू होण्याआधीच ठेवा.