एनटीएफएस-३जी : चार वर्षांच्या वापरानंतर

मिरजेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, लेटरहेड, दिवाळीला एखादा अंक. जुना पेजमेकर विंडोजवरच चालतो म्हणून विंडोज ठेवलंय; स्कॅनिंग, हिशेब, मेल सगळं त्याच संगणकावरच्या लिनक्स मिंट या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर. एसएसडीचे तीन भाग केलेत, त्यातला २०० जीबीचा दोघांत सामाईक. तो एनटीएफएसच ठेवला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत). दुसऱ्या पद्धतींपैकी लिनक्सची एक्स्ट४ विंडोजला आपणहून वाचता येत नाही, फॅट३२ वर ४ जीबीची फाइल बसत नाही, आणि एक्सफॅटला जर्नल नाही, म्हणजे लिहिताना मध्येच बंद पडलं तर डिस्क सावरायला लागणारी बदलांची नोंद नाही. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

लिनक्सकडून हा भाग उघडतो तो एनटीएफएस-३जी नावाचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क वाचून-लिहून देणारा प्रोग्राम. आजवर एकही फाइल गेलेली नाही. पण पहिल्या दिवाळीला घाम फुटला होता. रात्री साडेदहा वाजलेले, दुरुस्त केलेलं पान सेव्हच होईना. रीड-ओन्ली! टर्मिनलमधून माउंट केलं (डिस्कचा भाग जोडून घेतला) तर म्हणतं, पार्टिशन 'अनसेफ स्टेट'मध्ये आहे, आधी विंडोज पूर्ण बंद करून या. अहो, मी शट डाउनच केलं होतं की!

फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून असलेली सोय) चालू असेल तर विंडोजचं शट डाउन म्हणजे अर्धवट झोप असते. डिस्कच्या नोंदी ते स्वतःजवळ दाबून ठेवतं. रीस्टार्ट केलं तर मात्र खरोखर बंद होतं, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. तशा अवस्थेत लिनक्सने लिहिलं असतं तर अंकाचा पार चुथडा झाला असता, म्हणजे अडवलं ते बरंच केलं. विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' चालवून ही झोपच बंद केली, तेव्हापासून तक्रार नाही.

दुसरी खोडी नावांची. मिंटमध्ये मी फाइलला 'मुखपृष्ठ: अंतिम' नाव दिलं, विंडोज ती उघडेचना. त्याला कोलन चालत नाही. एफएसटॅबच्या (कुठला भाग कसा जोडायचा हे लिहिलेली लिनक्सची फाइल) ओळीत 'विंडोज_नेम्स' घातलं की असं नाव मिंटच देऊ देत नाही.

वेग बेताचाच. एनटीएफएस-३जी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरून चालतं, त्यामुळे मोठं फोल्डर कॉपी करताना प्रोसेसर तापतो. २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून एनटीएफएस३ नावाचा ड्रायव्हर आत आलाय, तो चपळ आहे. मी तो जुन्या पोर्टेबल डिस्कवर वापरते. गिऱ्हाइकांच्या पत्रिका आहेत त्या भागावर अजून नाही.