दूतावासाचं अनुदान की कारखान्यांचा सीएसआर?

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर पाण्याचं काम करणाऱ्या छोट्या संस्था हल्ली हाच प्रश्न घेऊन येतात: पैसा परदेशी दूतावासाकडे मागायचा की सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून? मी दोन्हीकडचे अर्ज भरले आहेत, म्हणून लिहितो.

परदेशी सरकारच्या पैशामागे त्याचं परराष्ट्र धोरण असतंच. माझी सिन्नरची आजी बहात्तरच्या दुष्काळातल्या अमेरिकन मिलोबद्दल सांगायची: लाल ज्वारी, भाकरी थापताना तुटायची. त्याआधी, १९६५-६६ मध्ये, भारताने व्हिएतनाम युद्धावर टीका केली आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी मदतीचा गहू थोडा थोडा, हात आखडून सोडला. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर जपानने नवी मदत थांबवली. पुढे चीनचा दबदबा वाढला आणि जपानी विकासकर्जं सर्वाधिक भारतालाच मिळू लागली. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने मदत गोठवली, १ जुलैला त्यांची मदतसंस्था यूएसएड बंदच झाली. ज्यांचे पगार त्यावर होते, ते कार्यकर्ते घरी बसले.

तरीही जपानी दूतावासाचं छोटं अनुदान मला सोडवत नाही. ते बांधकामाला, यंत्रांना मिळतं, पगाराला नाही. टाकी किंवा सौरपंप एकदा बसला की टोकियोचं धोरण बदललं तरी गावाचं पाणी चालू राहतं. अडचण आहे ती एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची. नोंदणीसाठी साधारण तीन वर्षांचं काम आणि त्यात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच येतो, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि हा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

सीएसआरचंही सगळं गोड नाही. नफा घसरला की निधी आटतो, फलकावरच्या नावासाठी महिनाभर पत्रव्यवहार चालतो. पण मोठ्या कंपन्यांना कायद्याने सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचाच असतो, तोही शक्यतो आसपासच्या भागात. शिवाय नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला माणूस सकाळी निघून दुपारी पाड्यावर पोचतो. एका एप्रिलमध्ये असाच एक अधिकारी आमच्याबरोबर झऱ्याशी उतरला. बाई वाटीवाटीने हंडा भरत होती. हंडा भरेपर्यंत अधिकारी तिथेच उभा राहिला. नंतर प्रस्तावावर त्याने एकही शंका काढली नाही.

माझं मत सरळ आहे: एकदाच उभारायचं ते परदेशी पैशातून, कार्यकर्त्यांचं मानधन सीएसआर आणि लोकवर्गणीतून. एफसीआरए नोंदणी नसेल तर दूतावासाचा नाद आत्ता सोडा. तीन वर्षांच्या कामाचा अनुभव सीएसआरलाही लागतो. तो असेल तर प्राप्तिकर सवलतीची (१२अ, ८०जी) आणि कंपन्यांचा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी करून घ्या, आणि नव्या वर्षाचं बजेट ठरायच्या आत अंबड-सातपूरला चकरा सुरू करा.