गाड्यावरची सवलत आणि हातातले कूपन

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ताजी भाजी व फळे परवडावीत म्हणून सरकारला दोन मार्ग मोकळे असतात. भाजीचा दर सर्वांसाठी उतरवता येतो किंवा गरजू कुटुंबाच्या हाती केवळ भाजीसाठीच चालेल असे कूपन देता येते. गोव्याने पहिला मार्ग धरला असून फलोत्पादन महामंडळाचे भाजीचे गाडे आता गावोगावी आहेत. अमेरिकेत दुसरा मार्ग रुळला आहे. तेथे गर्भवती, बाळंतीण व लहान मुलांच्या पोषण योजनेला जोडून शेतकरी बाजाराची कूपने 1992 पासून दिली जातात. या दोन्ही सेवांकडे ग्राहकाच्या, त्यातही चिंबलच्या इंदिरानगरासारख्या किंवा झुआरीनगरासारख्या गरीब वस्तीत राहणाऱ्या ग्राहकाच्या नजरेने पाहावे, एवढाच या परीक्षणाचा हेतू आहे.

गाड्याचे गुण आधी सांगितले पाहिजेत, कारण ते रोजच्या सवयीमुळे नजरेआड होतात. येथे अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, आणि गवंड्याच्या घरच्यांना व बंगल्यातल्यांना टोमॅटो एकाच दराने मिळतो. गरिबीचा शिक्का कपाळी न लागता मिळणारी मदत ही फार मोठी गोष्ट आहे, आणि कूपनवाल्या देशांना ती अजून नीटशी साधलेली नाही. शिवाय गाडा घराजवळ असतो. कामावरून परतताना पिशवी भरता येते.

मर्यादाही याच गुणांतून निघतात. सवलत सर्वांना असल्यामुळे तिचा मोठा वाटा अशा घरांत जातो, ज्यांनी पूर्ण दरानेही तेवढीच भाजी घेतली असती. महामंडळ गोव्यातील शेतकऱ्यांकडूनही माल घेते, तरी गाड्यावरचा बराचसा माल बेळगावहून घाट उतरून येतो. कांदे, बटाटे, कोबी, गाजर, टोमॅटो ही टिकाऊ व वजनावर विकता येणारी भाजी या व्यवस्थेत चांगली बसते. तांबड्या भाजीची, म्हणजे लाल माठाची, जुडी मात्र सकाळी उपटली की दुपारपर्यंत मान टाकते. ती विकण्याचा व्यवहार पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचा आहे आणि तिच्या पाटीपर्यंत ही सवलत पोहोचत नाही.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत गोव्यातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 53.2 टक्के मुलांमध्ये आणि 15 ते 49 वयाच्या 39 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि दोन्ही आकडे आधीच्या फेरीपेक्षा वाढलेले होते. पालेभाजी खाल्ल्याने रक्तक्षय आपोआप जातो असे कोणी म्हणू नये, कारण त्याला इतरही अनेक कारणे आहेत. पण रेशनच्या तांदळाने पोट भरते आणि ताट तसेच राहते, हे खरेच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या व 100 ग्रॅम फळे असावीत. चौघांच्या कुटुंबाला हे प्रमाण पाळायचे तर महिन्याला चाळीस किलोंच्या वर भाजी लागेल. शीत-कडी (भात-कालवण), त्यावर एखादी सुकी सुंगटे (कोळंबी) आणि सोमवार-गुरुवार किंवा श्रावण असला तरच भाजीला मान, अशा आपल्याकडच्या रिवाजात हे प्रमाण गाठणारी सधन घरेही विरळाच असतील.

आता कूपनाकडे वळू. त्याच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा लॉस एंजेलिसचा आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळंतपण झालेल्या सहाशे स्त्रियांचे गट केले होते. एका गटाला आठवड्याला दहा डॉलरची कूपने शेतकरी बाजारासाठी दिली, दुसऱ्याला तेवढ्याच किमतीची सुपरमार्केटसाठी दिली आणि तिसऱ्याला भाजीची कूपने दिली नाहीत. सहा महिन्यांत दोन्ही कूपनधारी गटांचे भाजी-फळांचे सेवन वाढले, शेतकरी बाजारवाल्यांचे अधिक वाढले, आणि मुख्य म्हणजे कूपने थांबल्यानंतरच्या सहा महिन्यांतही ही वाढ टिकून होती. मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पडन परगण्यात 2011-12 मध्ये वेगळा प्रयोग झाला. तेथे भाजी-फळांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे तीस सेंट कुटुंबाच्या खात्यात परत जमा होत, आणि लाभार्थ्यांचे सेवन इतरांपेक्षा 26 टक्के अधिक आढळले. ऐकायला ही वाढ मोठी वाटते; प्रत्यक्षात ती दिवसाला साधारण पाव कप आहे.

याच्या उलट कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शेतकरी बाजाराच्या कुपनांची चाचणी चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांवर घेतली गेली, तेव्हा आहाराच्या एकूण दर्जात कूपनवाले व बिनकूपनवाले यांच्यात फरक दिसला नाही. त्या कुपनांवर भाजीबरोबर अंडी, चीज, मांस व मासळीही घेता येत होती. सवलतीचे दार रुंद केले की कुटुंबाचे स्वातंत्र्य वाढते आणि भाजीवरचा परिणाम पातळ होतो, असे मला वाटते. त्याहून महत्त्वाची अडचण हिशेबाची आहे. जे कुटुंब आधीच आठवड्याला तीनशे रुपयांची भाजी घेते त्याला दोनशेचे कूपन दिले, तर ते दोनशेची भाजी कुपनावर आणि शंभराची रोखीने घेईल, आणि वाचलेले दोनशे रुपये गॅस सिलिंडरकडे किंवा शाळेच्या वह्यांकडे वळतील. यात गैर काहीच नाही, पण मग त्याला पोषण योजना म्हणू नये. म्हणूनच खर्चाच्या प्रमाणात भर घालणारे कूपन मला अधिक पटते. न्यूयॉर्कमध्ये 2005 पासून चालू असलेली दोन डॉलरची आरोग्य-कूपने आणि डेट्रॉइटमध्ये 2009 मध्ये सुरू झालेली दुप्पट मूल्याची योजना यांच्यामागे हाच विचार आहे. मूळ 1992 च्या योजनेची केंद्रीय रक्कम मात्र वर्षाला दहा ते तीस डॉलर एवढीच आहे, आणि तेवढ्याने कोणाचे ताट बदलावे ही अपेक्षाच अवास्तव आहे.

गोव्यात कूपन आणायचे झाल्यास खरा प्रश्न बाजाराच्या वाराचा येईल. म्हापशाचा बाजार शुक्रवारी भरतो, बाणस्तारीचा गुरुवारी. दोन्ही कामाचे दिवस. आसपासच्या गावांतून आलेली गावठी भेंडी, वांगी, पावसाळ्यातली तवशी (मोठी काकडी) व फागले (कर्टोली) यांतला चांगला माल सकाळीच उचलला जातो. रोजंदारीवरच्या बाईने त्या सकाळी बाजारात जायचे म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे, आणि कुपनाची किंमत तेवढी खचितच नसते. त्यामुळे केवळ आठवडी बाजारात चालणारे कूपन मी नापास करेन. ते बाजारातल्या पाटीवर, वस्तीच्या तोंडाशी संध्याकाळी बसणाऱ्या भाजीवालीकडे आणि सरकारी गाड्यावरही चालले पाहिजे.

दुसरी गोष्ट कुपनाच्या रकमेची. गावठी भाजी तराजूवर क्वचितच चढते. ती जुडीने किंवा वाट्याने विकली जाते. वांग्यांचे चार-पाच नग फडक्यावर मांडले की तो वाटा झाला, आणि त्यात घासाघीस करून एखादे वांगे वर मिळवणे हा गिऱ्हाइकाचा हक्क समजला जातो. अमेरिकेत शेतकरी बाजाराच्या कुपनावर सुटे परत मिळत नाहीत. ती पद्धत येथे जशीच्या तशी उचलली आणि शंभराचे कूपन छापले, तर एका वाट्यासाठी आलेल्या बाईला नको असलेले तीन वाटे पदरात घ्यावे लागतील. दहा व वीस रुपयांची कूपने हवीत. बटाटे व कांदे यादीतून वगळावेत, कारण ते कुपनाशिवायही घरात येतातच.

विक्रेतीला पैसे कधी मिळतात यावर सारी योजना तरते किंवा बुडते. देशात 2021 पासून ई-रुपी हे विशिष्ट कामापुरते चालणारे डिजिटल कूपन उपलब्ध आहे आणि पाटीवर क्यूआर कोडचा पुठ्ठा टेकवलेल्या बायका आता सर्रास दिसतात, परंतु त्या कोडला जोडलेला क्रमांक पुष्कळदा मुलाचा किंवा सुनेचा असतो. कागदी कूपन दिल्यास ते वठवायला तिला कार्यालयात खेटे घालावे लागू नयेत. बाजारात बसण्याबद्दल ती रोज सोपो, म्हणजे बाजारकर, भरतेच. सोपो गोळा करणाऱ्याने तिच्याकडची कूपने त्यात वळती करून घ्यावीत आणि उरलेल्या रकमेचे रोख पैसे त्याच दिवशी, बाजार उठण्यापूर्वी, तिच्या हातावर ठेवावेत.