बव्हेरियाचं निळं तीन क्रॉइट्सर: वर्षभर जमवल्यानंतर

बव्हेरिया या जुन्या जर्मन राज्याची टपाल तिकिटं मी जमवते, त्यातही निळं तीन क्रॉइट्सरचं (क्रॉइट्सर हे तिथलं जुनं नाणं); एका तिकिटावरून विक्रेत्याशी चाललेला वाद एकदाचा मिटला, म्हणून आता सविस्तर लिहिते. १८४९ च्या काळ्या एक क्रॉइट्सरबद्दल नव्याने सांगायला नको. जर्मन भूमीवरचं पहिलं तिकीट म्हणून त्याचा मान मोठा, पण एका चांगल्या प्रतीच्या पैशांत माझी कित्येक महिन्यांची खरेदी होते. शिवाय त्यात दोरा नाही, आणि मला दोराच हवा.

लाल रेशमी दोरा. बनावट तिकिटं निघू नयेत म्हणून कागद तयार होतानाच तो आत घातला जायचा; हाच तो डिकिन्सन कागद. निळ्या तीनमध्ये आहे, तपकिरी सहामध्ये आहे, आणि काळ्यावर काळा शिक्का नीट दिसेना म्हणून १८५० मध्ये आलेल्या गुलाबी एकमध्येही आहे. १८७० मध्ये दातेरी तिकिटं आली आणि दोऱ्याऐवजी वॉटरमार्क आला. माझ्या लेखी बव्हेरियाची खरी गंमत तिथे संपते. चिमट्याने तिकीट उलटं करून तिरप्या उजेडात धरा: दोरा कुठे लालभडक, कुठे कागदाच्या तंतूंखाली फिका. कागद विरलेला असेल तिथे तो केसासारखा उघडा पडतो. इतक्या वर्षांनी रंग टिकलाय, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

वाद झाला तो यावरूनच. पुढून तिकीट देखणं होतं, चारी कडा पूर्ण, मागे लाल रेघ. लपवलेली दुरुस्ती दिसावी म्हणून बेंझिनमध्ये टाकलं तर मागे मोठा गडद डाग उमटला. कागद खरवडला गेला होता, तो भरून काढला होता आणि भरावावर शाईने रेघ मारली होती. भिंगाखाली शाई फुटलेली स्पष्ट दिसते. विक्रेता म्हणे, मागच्या बाजूची हमी आम्ही देत नाही. ज्या तिकिटाची ओळखच मागे आहे, त्याला हे उत्तर? बीपीपी या तिकीट-परीक्षकांच्या जर्मन संघटनेच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं तर फी तिकिटाहून जड. शेवटी फोटो पाठवून पाठवून पैसे परत मिळवले. टपालखर्च मात्र माझ्याच माथी बसला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

सुरुवातीला मीही कडांच्याच मागे होते. छापील कागदावर दोन तिकिटांच्या मधे जागा इतकी कमी की कात्रीने कापताना एखादी बाजू जातेच, म्हणून चारी कडांच्या प्रतीला भाव चढतो. आता कडांसाठी एक युरोही जास्त देत नाही. पैसे घालते ते शिक्क्यावर. गिरणीच्या चाकाचा म्हणतात तो शिक्का, मधे टपाल कार्यालयाचा क्रमांक. हे क्रमांक १८५० मध्ये गावांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने वाटले गेले आणि १८५६ च्या अखेरीस पुन्हा नव्याने. त्यात म्युनिकचा २१७ जाऊन ३२५ झाला. म्हणजे म्युनिकहून गेलेल्या निळ्या तीनवर २१७ वाचता आला की ते फेरवाटपाआधी वापरलेलं. ३२५ असेल तर बहुतेक त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांतलं, कारण १८६२ मध्ये तीनचा रंगच बदलून लाल झाला. दोन-चार युरोंच्या साध्या तिकिटातून इतकं कळत असेल तर कडा एका बाजूने कापलेली असली तरी मला चालते.

तपकिरी सहामध्ये मात्र जपून. अंकाभोवतीचं वर्तुळ चौकटीपाशी तुटलेलं असेल तर तो पहिला प्रकार, फार महाग. वर्तुळ पूर्ण असेल तो स्वस्त. जाहिरातीत दोन्हींना नुसतं 'सहा तपकिरी' लिहिलेलं असतं, तेव्हा फोटो मोठा करून बघाच.

मुंबई-पुण्यात जमवणाऱ्यांनी शिक्का पडलेलीच घ्यावीत. मागे गोंद उरलेला नसतो, त्यामुळे पावसाळ्यात पानाला चिकटायची भीती नाही. आणि घेण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागा. जो देत नाही त्याच्याकडून मी आता काहीच घेत नाही, किंमत कितीही कमी असो.