मोरोविंडला मॉड लावून सात महिने: काय ठेवलं, काय काढलं

सात महिने झाले. रात्रीची जेवणं आटोपली की तासभर माझा मुक्काम मोरोविंड या कॉम्प्युटर गेममधल्या व्हार्डेनफेल बेटावर असतो. ‘द एल्डर स्क्रोल्स ३: मोरोविंड’ २००२ साली आला तेव्हा आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे हा गेम राहूनच गेला होता. गेल्या दिवाळीत ट्रिब्युनल आणि ब्लडमून या दोन्ही एक्स्पान्शनसकट (गेमच्या वाढीव भागांसकट) घेतला आणि मूळ गेम अर्धा तासही न खेळता साठेक मॉड (चाहत्यांनी बनवलेले, गेममध्ये बदल करणारे जोड) एका दमात चढवले. तिसऱ्या दिवशी बालमोरा गावात पाऊल टाकलं की गेम बंद पडायला लागला. साठांतला दोषी कोण, हे शोधायचं कसं? शेवटी सगळं पुसलं, आहे तसा गेम पंधरा तास खेळलो आणि खेळताना जे खरोखर टोचलं तेवढंच वहीत लिहून ठेवलं. आज माझ्याकडे चौदा मॉड आहेत आणि प्रत्येकामागे त्या वहीतली एक ओळ आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: आधी मोकळा गेम खेळा, मग मॉड निवडा.

मॉड निवडण्याच्याही आधी इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्राम, ठरवावं लागतं. मूळ इंजिनवर राहायचं असेल तर इंजिनमधल्या चुका दुरुस्त करणारा मोरोविंड कोड पॅच आणि लांबचं दृश्य दाखवणारा एमजीई एक्सई हे दोन्ही घ्यावे लागतात. दुसरा रस्ता म्हणजे ओपनएमडब्ल्यू. स्वयंसेवकांनी हे इंजिन नव्याने लिहिलं आहे, ते मुक्त स्रोत आहे, फक्त तुमच्याकडे मूळ गेमच्या फायली हव्यात. माझा लॅपटॉप जुना आहे आणि त्यावर लिनक्स आहे, म्हणून मी ओपनएमडब्ल्यू घेतलं. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. सेटिंगच्या फाइलमध्ये त्या फोल्डरची एक ओळ लिहायची आणि नको झाला तर ती ओळ काढायची. मूळ गेमच्या फोल्डरला हात लागत नाही. मात्र एमडब्ल्यूएसई (मूळ इंजिनला जादा क्षमता देणारं साधन) लागणारे मॉड इथे चालत नाहीत, त्यामुळे डाउनलोड करण्याआधी मॉडची माहिती नीट वाचा.

पहिला मॉड डोळे झाकून घ्यावा असा आहे: पॅच फॉर प्युरिस्ट्स. चुकलेले संवाद, अडकणारे क्वेस्ट (गेममधल्या कामगिऱ्या), जागेवरून सरकलेल्या वस्तू अशा बारीकसारीक चुका तो दुरुस्त करतो आणि बाकी कशालाही हात लावत नाही. तो लावल्याचं कळतसुद्धा नाही, आणि हेच त्याचं मोठेपण.

दुसरा मारेकऱ्यांचा. ट्रिब्युनल असलं की पहिल्या लेव्हललाच, झोपलं रे झोपलं की डार्क ब्रदरहुडचा मारेकरी छातीवर येऊन उभा राहतो. मेलात तर मेलात. जिंकलात तर त्याचं महागडं चिलखत विकून इतका पैसा मिळतो की पुढे पैशाची चणचण अशी राहतच नाही. गरिबीतून वर येण्याची या गेममधली जी मजा आहे, ती पहिल्याच रात्री संपते. मारेकऱ्यांचं येणं पुढे ढकलणारा छोटासा मॉड लावा. ग्राफिक हर्बलिझमही लावा. मुळात प्रत्येक झुडूप डब्यासारखं उघडावं लागतं. या मॉडमुळे एका क्लिकमध्ये फूल हातात येतं आणि झाडावरून दिसेनासं होतं.

आता लांबच्या दृश्याबद्दल, कारण इथे माझं मत बदललं. मोकळ्या गेममध्ये थोड्याच अंतरावर धुकं सुरू होतं. आर्कनथँडच्या अवशेषांतून कोड्याची पेटी आणायची होती. वाट सांगितलेली असते ती शब्दांत: मूनमॉथ किल्ल्याच्या पुढे जा, ड्वेमर या नामशेष जमातीचा जुना पूल शोधा, पलीकडची टेकडी चढा. नकाशावर बाण नाही, खूण नाही. राखेच्या वादळात त्या पुलाचा काठ धुक्यातून हळूहळू वर आला, तेव्हा अंगावर शहारा आला. वर पोचलो तर दार बंद. दहा मिनिटं चाचपडल्यावर बाजूच्या नळावरचा दांडा दिसला. तो फिरवला आणि गोल दगडी दार उघडलं.

पुढे नवं कॅरेक्टर घेऊन, दृश्याचं अंतर पुरतं वाढवून, पुन्हा तिथेच गेलो. सगळं लांबूनच दिसत होतं. देखणं होतं, पण बेट एकदम लहान झालं. ज्या वाटेला आपण अर्धा दिवस दिला ती एका नजरेत मावते, हे मला सोसलं नाही. आता अंतर मूळ गेमच्या दुप्पट-तिप्पट ठेवलंय. डोंगराची कड कळते, पण त्याच्या पायथ्याशी काय आहे ते चालत गेल्यावरच कळतं. टेक्श्चरचंही (भिंती, जमीन, वस्तूंवरच्या चित्रांचंही) तेच. मूळ चित्रं तशीच ठेवून फक्त स्पष्ट करणारा संच मी ठेवला. चकाचक नवी चित्रं आणणारे दोन संच काढून टाकले. बालमोराच्या भिंती मातकटच शोभतात.

‘तलवार लागतच नाही’ ही नव्या माणसाची पहिली तक्रार असते, माझ्याही वहीत ती पहिल्याच पानावर होती. म्हणून प्रत्येक वार लागणारा मॉड घेतला आणि दोन आठवड्यांत काढला. वार लागण्याचा हिशेब असा आहे: शस्त्राचं कौशल्य, अधिक अ‍ॅजिलिटीचा (चपळाईचा) पाचवा भाग, अधिक लकचा (नशिबाचा) दहावा भाग. आलेल्या बेरजेला, दम पूर्ण असेल तर १.२५ ने आणि दम संपला असेल तर ०.७५ ने गुणायचं. समजा कौशल्य ३० आहे आणि बाकी दोन्ही ४० आहेत. बेरीज ४२. दमात असाल तर शंभरातले बावन्नेक वार लागतात, धापा टाकत पोचलात तर एकतीसच. त्यातूनही शत्रूची चपळाई वजा होते. धावत जाऊन भिडण्याची सवय मोडली, आधी थांबून दम घेतला, आणि माझी तक्रार जवळजवळ संपली. प्रत्येक वार लागायला लागला की कौशल्य वाढवायच्या शिकवणीवर पैसे खर्च करण्यात काही अर्थच उरत नाही.

लेव्हलची पद्धत मात्र मी बदलली. मूळ पद्धतीत लेव्हल वाढताना अ‍ॅजिलिटीसारखा एखादा गुण पाचाने वाढवायचा तर त्याच्याशी जोडलेली कौशल्यं त्या लेव्हलमध्ये दहा वेळा वाढवावी लागतात. मग माणूस खेळायचं सोडून आकडेमोड करत बसतो. एनसीजीडी या मॉडच्या लुआ आवृत्तीत कौशल्य वाढलं की गुण आपोआप वाढतात. ज्या वहीत हिशेब मांडत होतो, तिच्यात आता वाटा लिहितो.

एक नुकसान सांगून ठेवतो. घर देणारा एक मॉड मी खेळ चालू असताना मधेच काढला. ओपनएमडब्ल्यूने सेव्ह उघडताना ‘ही फाइल सापडत नाही’ असं सांगितलं होतं, तरी मी पुढे गेलो. घर गेलं आणि त्यातल्या पेट्यांमध्ये चार महिने जमवलेलं सगळं गेलं. तेव्हापासून नवा मॉड लावण्याआधी वेगळा सेव्ह करतो आणि जागा, घरं, माणसं वाढवणारा मॉड खेळाच्या मधेच काढत नाही.

आणि शेवटी सगळ्यांत मोठा मॉड, टॅम्रिएल रीबिल्ट. मूळ गेममध्ये मोरोविंड प्रांताचं फक्त हे बेट आहे. मुख्य भूमी स्वयंसेवक बांधताहेत, मूळ गेम बाजारात येण्याच्याही आधीपासून. त्यासाठी टॅम्रिएल डेटा हा सामायिक साहित्याचा संच वेगळा घ्यावा लागतो आणि त्याच्या बीएसए फायली (चित्रं आणि आकार साठवलेले गठ्ठे) सेटिंगमध्ये नोंदवाव्या लागतात. मी ते विसरलो होतो, आणि झाडांच्या, घरांच्या जागी पिवळी उद्गारचिन्हं उभी राहिली. नोंद केली आणि समोर ओल्ड एबनहार्टचे तट दिसले. त्या शहरात मी तीन आठवडे आहे. कुणाकडेही बाणाची खूण नाही, वाट विचारूनच जावं लागतं, आणि लोक वाट सांगतातही मूळ गेमसारखीच, ओढ्याच्या, पुलाच्या, खडकाच्या खुणांनी. २०२५ मध्ये त्यात नार्सिस शहर आलं. मुख्य कथा अर्धी राहिली आहे, ती तशीच ठेवून मी चालत नार्सिसकडे निघालोय.